पाठ उत्तम झाला, पण मुलांना आलं का?

ताई, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान. बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये माझी १६ आठवड्यांची इंटर्नशिप नुकतीच संपली. निरोप समारंभ झाला, मुलींनी गुलाबाची फुलं दिली, फोटो काढले. घरी आल्यापासून मात्र फार रिकामं वाटतंय. ‘विस्तार सूत्रे’ या पाठाला मार्गदर्शक मॅडमनी ‘उत्तम’ शेरा दिला, पण तो घटक मी आदल्याच दिवशी वर्गात घेऊन ठेवला होता. मुलांना उत्तरं ठाऊक होती. पुढे घटक चाचणीत त्याच आठवीच्या बऱ्याच मुलांनी (अ + ब)² = अ² + ब² असं लिहिलं. मग एका ऑफ तासाला व्हरांड्यात खडूने चौरस काढून मी तेच पुन्हा शिकवलं. तेव्हा एक मुलगी म्हणाली, “म्हंजे मॅडम, हे दोन आयत आपण सोडूनच दिले व्हते का?” पण त्या तासाचं टाचण (पाठाची लेखी आखणी) नाही, निरीक्षण नाही, तो कुठेच धरला जाणार नाही. वर्गातल्या एका मुलाला नीट वाचताच येत नाही, त्याचं मी काहीच करू शकले नाही. दिवाळीनंतर कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. तिथले एक सर म्हणाले, “हे टाचण-बिचण बी.एड.पुरतं, नोकरी लागली की विसरा.” आता इंटर्नशिपच्या फाइलला चिंतन, म्हणजे आपल्या अनुभवाचा लेखी विचार, जोडायचं आहे. मैत्रिणी जुन्या बॅचच्या फायलींतून उतरवून काढताहेत. मी काय लिहू? आणि खरंच विचारते, मी शिक्षिका व्हावं का?

– एक छात्राध्यापिका

प्रिय छात्राध्यापिके,

तुझं पत्र वाचताना मी व्हरांड्यातल्या त्या चौरसापाशी थांबले. तू ते फारसं महत्त्व न देता लिहिलं आहेस, ‘कुठेच धरलं जाणार नाही’ म्हणून पुढे गेली आहेस. मला मात्र तुझ्या सगळ्या इंटर्नशिपमधलं सगळ्यात भक्कम काम तेच वाटतं. म्हणून आधी त्याबद्दल बोलते, चिंतनाचं मागाहून.

(अ + ब)² म्हणजे अ² + ब², ही चूक आठवीत भेटते, दहावीत भेटते, विज्ञान शाखेला गेलेल्या अकरावीच्या मुलांतही भेटते. मुलं ती आळसाने करत नाहीत. जो मुलगा २(अ + ब) = २अ + २ब शिकला आहे आणि (अ × ब)² = अ² × ब² हेही शिकला आहे, तो त्याच चालीने पुढे जातो. कंसाबाहेर जे असेल ते आतल्या प्रत्येकाला वाटून द्यायचं, असा नियम त्याने मनाशी बांधलेला असतो. दोन ठिकाणी तो नियम बरोबर ठरला, मग तिसऱ्या ठिकाणी त्यानं तो का सोडावा? अशा मुलाला सूत्र वीस वेळा लिहायला लावलं तर चाचणीपुरतं पाठ होतं आणि आतला नियम होता तसाच राहतो. महिन्याभराने (अ − ब)² आलं की पुन्हा तेच.

त्याला हलवायचं असेल तर त्याच्या नियमाचा आणि आकड्यांचा सामना घडवून आणावा लागतो. अ च्या जागी ३ घाल, ब च्या जागी ४. सात सत्ते एकोणपन्नास. त्याच्या नियमाने नऊ अधिक सोळा, पंचवीस. चोवीस कमी पडले. ते कुठे गेले? तुझ्या चौरसात ते समोर दिसत होते. तीनचा चौरस एका कोपऱ्यात, चारचा चौरस समोरच्या कोपऱ्यात, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत तीन गुणिले चारचे दोन आयत. बारा आणि बारा चोवीस. “हे दोन आयत आपण सोडूनच दिले व्हते का?” असं ती मुलगी म्हणाली तेव्हा तिला (अ + ब)² = अ² + २अब + ब² यातलं २अब कळलं. सूत्रातलं मधलं पद म्हणून पाठ करायची गरज तिला उरली नाही, कारण ते तिनं जागेवर पाहिलं.

पहिल्या वर्षी तू सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठांचा सराव, केलं असशील. त्याचं चक्र आठव. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (कसं झालं ते सांगणं), बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा अध्यापन, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा पुन्हा नियोजनाला दिलेला आहे आणि ते उगीच नाही. शिकवलं, कुठे अडलं ते पाहिलं, बदल केला, परत शिकवलं, एवढ्यासाठीच ते चक्र आहे. शाळेत गेल्यावर मात्र पाठांची संख्या पुरी करण्याच्या घाईत ‘पुन्हा अध्यापन’ गळूनच जातं. एक घटक झाला की टाचण वहीत पुढचं पान. तुझ्याकडून ते गळलं नाही. चाचणीचे पेपर तपासलेस, अडलेली जागा ओळखलीस, साहित्य बदललंस आणि कोणी सांगितलं नसताना ऑफ तास मागून घेतलास. टाचण नव्हतं, एवढ्यावरून तो तास कमी दर्जाचा होत नाही.

आता तो ‘उत्तम’ शेरा. निरीक्षणाआधी पाठ घेऊन ठेवण्याची ही पद्धत किती पसरलेली आहे हे मला माहीत आहे. मार्गदर्शक येणार, वर्ग गप्प बसला तर गुण जाणार, या धास्तीपोटी होतं. तुला त्याचा फार मोठा दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण ते योग्य आहे असंही मी म्हणणार नाही. मुलांना त्यातून एक गोष्ट नकळत शिकवली जाते, की बाहेरून कोणी बघायला आलं की आपल्याला सगळं येतंय असं दाखवायचं. ज्याला कळलेलं नाही तो मुलगा त्या दिवशी हात वर करणारच नाही. त्याला ठाऊक असतं की आज विचारायचं नसतं. तुझं नुकसान निराळं झालं. मार्गदर्शक मॅडमसारखी अनुभवी नजर वर्गात अख्खा तास होती, आणि मुलं खरोखर कुठे अडखळतात हे त्यांना दिसलंच नाही. दिसलं असतं तर चाचणीपर्यंत थांबावं लागलं नसतं.

त्यांना जाऊन सांग. फाइल देण्याआधी, समक्ष. “मॅडम, त्या पाठाचा घटक मी आदल्या दिवशी घेतला होता, आणि चाचणीत असं असं झालं.” इतकंच. रडायचं नाही, माफीनामा लिहायचा नाही. गुण कमी होतील का? होऊही शकतात, मी तशी हमी देणार नाही. पण अध्यापक महाविद्यालयात वर्षानुवर्षं पाठ पाहणाऱ्या बाईंना तयार केलेला वर्ग ओळखता येत नाही असं समजू नकोस. त्यांच्याशी खरं बोलणारी विद्यार्थिनी त्यांना क्वचित भेटत असेल.

मी स्वतः माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि माझ्या वर्गात छात्राध्यापक दरवर्षी येत. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं तेव्हा ते सराव पाठ घेऊन परत जायचे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतला काळ एकूण २० आठवड्यांचा ठरला, त्यामुळे तुमच्या पिढीला एक वर्ग सलग बघायला मिळतो. छात्राध्यापक परत गेल्यावर मी काय बघायचे सांगते. भिंतीवरचे तक्ते नाही बघायचे, ते छानच असायचे. मुलांच्या वह्या उघडायचे. कोणाच्या काळात वह्यांत नुसतं फळ्यावरचं उतरवलेलं असायचं, सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नसलेलं. आणि कोणाच्या काळात खोडलेली उदाहरणं, बाजूला काढलेल्या आकृत्या, मधेच ‘असं का?’ लिहून त्याखाली केलेला दुसरा प्रयत्न. हे दुसरे छात्राध्यापक वर्गात फार चमकदार असायचेच असं नाही. एखादा तर फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचा. पण त्याच्या काळात मुलं गणित करत होती, हे वह्या सांगायच्या.

तुझ्या चिंतनाचं उत्तरही मला तिथेच दिसतं. ‘मला खूप शिकायला मिळाले, विद्यार्थ्यांशी आत्मीयतेचे नाते निर्माण झाले, माझा आत्मविश्वास वाढला’ हे जुन्या फायलींत असतं आणि नव्या फायलींतही तेच येईल. ते खोटं असतं असं नाही. पण शाळेचं नाव बदललं, विषय बदलला, तरी एक शब्द बदलावा लागत नाही. जे कोणत्याही शाळेला चालतं ते तुझ्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही. उतरवून काढणाऱ्या मैत्रिणींना मी दोष देत नाही. चिंतन कसं लिहितात हे बहुधा त्यांना कोणी लिहून दाखवलेलंच नसतं. म्हणून मी दाखवते. तुझ्याच पत्रावरून एक परिच्छेद केला आहे. चाचणीच्या पेपरांवरून आणि तुझ्या टाचणावरून तपशील ताडून बघ, आणि शब्द तुझे घाल.

‘इयत्ता आठवी. घटक: विस्तार सूत्रे. निरीक्षण पाठाच्या आदल्या दिवशी हा घटक मी वर्गात एकदा शिकवला होता. निरीक्षणाच्या वेळी मुलांनी पटापट उत्तरे दिली. घटक चाचणीत मात्र बऱ्याच मुलांनी २अब हे पद गाळले. माझे टाचण पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की मी विचारलेले बहुतेक प्रश्न “सूत्र सांगा” अशा प्रकारचे होते. सूत्र असेच का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. नंतर ऑफ तासाला जमिनीवर चौरस काढून क्षेत्रफळावरून सूत्र काढले. एका विद्यार्थिनीने सुटलेले दोन आयत स्वतः दाखवले. त्यानंतर पुन्हा चाचणी घेतलेली नाही, त्यामुळे किती मुलांना कळले ते मी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी आकृती घेईन.’

यात भावना जवळजवळ नाहीत, तरी वाचणाऱ्याला कळतं की या बाई वर्गात होत्या. काय ठरवलं, मुलांनी काय केलं, त्यावरून काय दिसलं, पुढे काय करणार. शेवटून दुसरं वाक्य गाळू नकोस. जे तपासलं नाही ते तपासलं नाही असं लिहिणं फार आवश्यक आहे, नाहीतर लिहिताना आपलीच समजूत होऊन बसते की व्हरांड्यातल्या त्या तासाने सगळा वर्ग सुधारला. असे चार-पाच परिच्छेद पुरेत. त्यांतला एखादा न जमलेल्या विज्ञानाच्या प्रयोगावर असू दे. मुलांची नावं मात्र फाइलीत घालू नकोस. फाइल महाविद्यालयात राहते, पुढच्या बॅचेस ती चाळतात.

आता तो मुलगा. त्याच्याविषयी तू एकच ओळ लिहिलीस, पण तुझं मन तिथे अडकलं आहे हे कळतं. ‘नीट वाचता येत नाही’ एवढ्या माहितीवर पुढच्या शिक्षकाला काही करता यायचं नाही. तो अक्षरापाशी अडतो, की जोडाक्षरापाशी, की शब्द वाचतो पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो? मुलांना वाचन आणि गणित किती येतं याची ‘असर’ नावाची पाहणी ‘प्रथम’ संस्था २००५पासून करते, तिची वाचनाची चाचणी अगदी साधी आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल यातल्या कोणत्या पायरीवर थांबतं ते काही मिनिटांत समजतं. आठवीच्या मुलाला हे वर्गासमोर कधीच वाचायला लावायचं नाही, बाजूला बसवून, दोघंच. आणि गणिताच्या शिक्षिकेने आणखी एक बघायचं. आकडेमोडीचं उदाहरण तो सोडवतो का आणि शाब्दिक उदाहरण कोरं सोडतो का? तसं असेल तर त्याला गणितात कच्चा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला भागाकार येतो, प्रश्न वाचता येत नाही. पोरगा आठवीपर्यंत हे लपवत आला असेल, तर त्यासाठी त्याने किती हुशारी खर्च केली असेल याचाही विचार कर. १६ आठवड्यांत तू त्याला वाचायला शिकवलं नाहीस याचा दोष स्वतःला लावू नकोस. जे दिसलं ते पुढे पोचवलं का, एवढंच मी तुला विचारेन, आणि ते अजून करता येण्यासारखं आहे.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं दुःख मात्र तुझ्या एकटीच्या हातातलं नाही. तू त्याच जिल्ह्यात शिकतेस, तुला हे मी काय सांगावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की गावं ओस पडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि मागे ठेवायला कोणी नसेल तर मुलं फडावर जातात. आठवीतली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून जाते आणि कधीकधी शाळेत परत येतच नाही. हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. ती मुलापर्यंत पोचतात की नाही हे बहुतेक वेळा वर्गशिक्षकाच्या तळमळीवर ठरतं. शाळेपर्यंत न येऊ शकणाऱ्या मुलांचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. ते तू आज कर असं मी सांगत नाही. पण रिकामी बाकं बघून ‘माझं शिकवणं वाया गेलं’ असा निष्कर्ष काढू नकोस. गेलेल्या मुलांपैकी काही वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परततील. त्यांच्यासाठी एक करता येईल. ती गेल्यानंतर कोणकोणते घटक झाले आणि त्यांतलं कशावाचून पुढचं अडतं, याची एक छोटी यादी करून ठेव. आल्या आल्या सगळा धडा मागून शिकवायला कोणालाच वेळ नसतो, अशा यादीवर मात्र शिक्षक काम करू शकतात.

त्या सरांच्या बोलण्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. दिवसाला सहा-सात तास, यूडायसची माहिती, सरलवरच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, मधेच निवडणुकीचं काम. एवढं झाल्यावर रोज रात्री पाच पानी टाचण कोणीच लिहीत नाही, मीही लिहीत नव्हते. टाचणाचा ढाचा सुटतो हे खरं आहे. पण उद्या मुलांना काय विचारायचं आणि ती कुठे चुकतील, याचा विचार केल्याशिवाय वर्गात जाऊ नये, हे मात्र मी निक्षून सांगेन. त्यासाठी चिठोऱ्यावरच्या चार ओळी पुरतात. त्या सरांना भेटलीस तर उलट त्यांनाच विचार, की तुम्ही वर्गावर नजर टाकून कोणाला कळलं नाही हे कसं ओळखता? त्यांना सांगण्यासारखं बरंच असेल.

शिक्षिका व्हावं का? माझं उत्तर हो आहे. पेपर तपासल्यावर अस्वस्थ झालीस आणि त्या अस्वस्थतेचं तू काम केलंस, त्यावरून म्हणते. पण वाट लांब आहे हे माहीत असू दे. सहावी ते आठवीच्या पदासाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. पुढे राज्य सरकारच्या ‘पवित्र’ पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टीएआयटी. २०० गुण, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे, दोन तासांत २०० प्रश्न. त्यात तुझा खडूचा चौरस कोणी विचारणार नाही, त्याचा अभ्यास वेगळाच करावा लागतो. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला २०२३पासून महिना १८,००० रुपये मानधन. जाहिराती वेळेवर येत नाहीत, मधली वर्षं विनाअनुदानित शाळेत किंवा क्लासमध्ये फार थोड्या पैशांवर जातात. घरातल्यांशी हे आकडे समोर ठेवून बोल, त्यांना आशेवर ठेवू नकोस. कुठेही शिकवत असलीस तरी मुलांच्या चुका एका वहीत उतरवत जा, इयत्ता आणि घटक घालून. पुढे पाठ तयार करताना ती वही तुला फार कामी येईल.

आणि निरोप समारंभ झाला असला तरी त्या शाळेत आणखी एक फेरी मार. दोन कागद घेऊन जा. एकावर त्या मुलाविषयी जे जे पाहिलंस ते, दुसऱ्यावर ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांसाठी केलेली यादी. मुख्याध्यापकांची परवानगी घे आणि दोन्ही कागद वर्गशिक्षकांच्या हातात दे, स्टाफ रूमच्या टेबलावर ठेवून येऊ नकोस. शक्य झालं तर आठवीचा एखादा ऑफ तास मागून (अ + ब)² चं एकच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला दे, म्हणजे चिंतनातलं ते ‘सांगू शकत नाही’ बदलून जे निघेल ते लिहिता येईल. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा गेलीस तर सुटल्यावर वर्गशिक्षकांना तुझ्याशी बसून बोलायला वेळ मिळेल. आधी फोन करून जा.

तुझी,
ताई